ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर: निवड, वायरिंग, गेन आणि घाट

कंट्रोलर म्हणजे गाडीत बसणारा आणि पेडल दाबलं की ट्रेलरच्या ब्रेकना करंट पाठवणारा डबा. त्याची चौकशी करायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाण्याआधी ट्रेलरखाली वाकून चाकामागची प्लेट बघा. तिच्यातून दोन वायर बाहेर आल्या असतील तर ब्रेक इलेक्ट्रिक आहेत. बारीक पोलादी केबल निघून पुढे कपलिंगच्या (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या भागाच्या) दांड्यापर्यंत गेली असेल तर ते ओव्हररन ब्रेक. गाडी थांबताना ट्रेलर मागून रेटतो, त्या रेट्यानेच ते लागतात. त्यांना कंट्रोलर लागत नाही. युरोपीय बनावटीच्या बहुतेक कॅरॅव्हॅनला हीच व्यवस्था असते. चाकाशी धातूचा पाइप किंवा रबरी होज दिसली तर ब्रेक हायड्रॉलिक आहेत. अशा वेळी पुढच्या त्रिकोणी फ्रेमवर वायर जोडलेला पंपाचा डबा आहे का, तेही बघा. तो असेल तर विजेच्या इशाऱ्यावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक आहेत. त्यांना कंट्रोलर लागतो, पण वाटेल तो चालत नाही. आणि काहीच दिसलं नाही, तर ट्रेलरला ब्रेकच नाहीत. छोट्या स्थानिक ट्रेलरच्या बाबतीत हे अनेकदा निघतं.

ब्रेक कधी हवेतच, याचा अंदाज हवा असेल तर युरोप आणि ऑस्ट्रेलियातली मर्यादा लक्षात ठेवा. तिथे ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. घोड्याचा ट्रेलर, फूड ट्रेलर, शूटिंगचा जनरेटर, दोन अॅक्सलची कॅरॅव्हॅन हे सगळे भरल्यावर या आकड्याच्या बरेच वर जातात. ओढणाऱ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती किलो ओढायची परवानगी आहे, तेही आधी वाचा. ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठी दोन वेगळे आकडे असतात आणि त्यात मोठा फरक असतो. कंट्रोलर बसवल्याने गाडीची ओढायची क्षमता वाढत नाही.

ड्रमच्या आत काय घडतं

हे समजलं की पुढच्या निम्म्या भानगडी आपोआप सुटतात. प्रत्येक ड्रममध्ये एका लिव्हरच्या टोकाला विद्युतचुंबक असतो. त्यातून करंट गेला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट पृष्ठभागाला चिकटू पाहतो आणि ड्रमबरोबर थोडा ओढला जातो. त्या ओढीने लिव्हर फिरतो आणि दोन्ही ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. करंट जितका जास्त, तितकी पकड घट्ट. म्हणून इथे ब्रेकची ताकद म्हणजे अँपिअर. १० आणि १२ इंची ड्रमचा एक चुंबक १२ व्होल्टला साधारण ३ अँपिअर घेतो, ७ इंची ड्रमचा अडीच. दोन चाकांना ६, चार चाकांना १२, सहा चाकांना १८ हे आकडे पाठ असू द्या, तपासणीच्या वेळी हेच कामाला येतात.

दुसरा मुद्दा असा, की चाक फिरत असतानाच हा ब्रेक नीट लागतो. उभ्या ट्रेलरला पार्किंग ब्रेक म्हणून त्याचा भरवसा धरू नका. चढावर उभं करताना चाकांना लाकडी ठोकळे लावा.

कुठला कंट्रोलर घ्यावा

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. पहिली टाइम-डिले. पेडल दाबलं की स्टॉप लाइटच्या वायरमधून तिला इशारा मिळतो, आणि तुम्ही ठरवून ठेवलेला करंट ठरवलेल्या वेगाने चढत जातो. तुम्ही पेडल हलकेच दाबलंत की पाय ठोकलात, हे तिला कळत नाही. दुसरी प्रपोर्शनल. तिच्यातला सेन्सर गाडी किती जोरात मंदावते आहे ते मोजतो आणि त्या प्रमाणात ट्रेलरला करंट देतो.

आमचं मत स्पष्ट आहे: मुंबईत प्रपोर्शनलच घ्या. सायन-पनवेल रस्त्यावर किंवा घोडबंदरला तासभर रांगत जाताना पेडलवर पाय सारखा येतो-जातो. टाइम-डिले कंट्रोलर अशा प्रत्येक हलक्या स्पर्शाला ट्रेलर हिसडतो. तो हिसका टाळायला लोक गेन (ट्रेलरच्या ब्रेकला द्यायच्या ताकदीची कमाल मर्यादा) खाली आणतात, आणि मग एखादी रिक्षा आडवी आली की ट्रेलर थांबतच नाही. टाइम-डिलेचा एकच मोठा फायदा म्हणजे किंमत कमी आणि बसवताना कोनाची कटकट नाही. हलका ट्रेलर वर्षातून एकदोनदाच काढायचा असेल तरच तो विचारात घ्या.

प्रपोर्शनलमध्येही बघण्यासारखं बरंच आहे. जुन्या पद्धतीच्या, लंबकावर चालणाऱ्या कंट्रोलरला उतार आणि ब्रेक यांतला फरक कळत नाही. गाडीचं नाक खाली गेलं की लंबक पुढे झुकतो आणि उतारावर जास्त करंट जातो. आताचे इलेक्ट्रॉनिक सेन्सरवाले कंट्रोलर हे बऱ्यापैकी सावरून घेतात. टेकोन्शा प्रॉडिजी मालिका ही डॅशखाली बसणाऱ्या डब्यांतली, तर ऑस्ट्रेलियाच्या रेडआर्क कंपनीच्या टो-प्रो मालिकेत मुख्य डबा डॅशच्या आत दडतो आणि बाहेर फक्त एक बटण दिसतं. ऑस्ट्रेलियात गाड्या आपल्यासारख्याच उजव्या स्टिअरिंगच्या, त्यामुळे तिथली उत्पादनं आपल्या डॅशमध्ये सहज बसतात. सात पिनच्या प्लगमध्येच बसणारे आणि फोनवरून चालणारे कंट्रोलरही मिळतात. त्यांना गाडीत वायरिंग लागत नाही, पण सॉकेटमध्ये कायम १२ व्होल्टची आणि ब्रेकची पिन जिवंत असावी लागते. शिवाय आणीबाणीत फोन शोधत बसणं आम्हाला पसंत नाही.

डबा हातात घेतल्यावर चार गोष्टी तपासा. हाताने चालवायचा लिव्हर किंवा बटण आहे का? नसेल तर तो घेऊ नका, कारण गेन लावणं आणि झुलणारा ट्रेलर सावरणं ही दोन्ही कामं त्यानेच होतात. तुमच्या ट्रेलरला जितकी ब्रेकची चाकं आहेत, तितक्यांसाठी तो बनलेला आहे का? हायड्रॉलिक पंपवाला ट्रेलर असेल तर त्यासाठी वेगळा मोड आहे का? आणि व्होल्टेज कुठलं? एसयूव्ही आणि पिकअप १२ व्होल्टच्या असतात, पण मोठे ट्रक २४ व्होल्टचे. १२ व्होल्टचा कंट्रोलर २४ वर जोडला तर तो जळतो. दोन्हींवर चालणारी काही मॉडेल आहेत, ती मुद्दाम मागावी लागतात.

वायरिंग

ब्रेक नीट लागत नाहीत म्हणून लोक कंट्रोलर बदलतात, आणि दोष असतो वायरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. म्हणून पैसे वाचवायचेच असतील तर ते इथे वाचवू नका.

दोन अॅक्सलपर्यंतच्या ट्रेलरला ४ चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर लागते, तीन अॅक्सलला ६ ची. कारण हिशेबाने कळतं. चार चाकांचे १२ अँपिअर सहा मीटर मागे जाऊन तितकंच अंतर अर्थमधून परत येतात असं धरा. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये साधारण ०.७ व्होल्ट वाटेतच जातात, दीड चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये १.९. म्हणजे बारीक वायरने ब्रेकची ताकद रस्त्यावर उतरायच्या आधीच पंधरा टक्क्यांहून जास्त घटते.

लोहार चाळीतून एकदाच सगळं सामान आणा: काळी आणि पांढरी वायर प्रत्येकी तीन-चार मीटर, निळी गाडीच्या लांबीप्रमाणे सहा ते आठ मीटर, लाल दोन मीटर (हिच्यातून फक्त इशारा जातो, त्यामुळे दीड चौरस मिलिमीटर पुरते), आपोआप परत जुळणारा सर्किट ब्रेकर, तांब्याचे रिंग लग, आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह, वायरवर चढवायची नालीदार प्लास्टिक नळी आणि काळे केबल टाय. ब्रेकर चार चाकांपर्यंत २० अँपिअरचा, सहा चाकांना ३० चा. घरगुती वायरिंगची एकच जाड तार असलेली वायर घेऊ नका. गाडीच्या थरथरीने ती वळणापाशी तुटते आणि वरचं प्लास्टिक शाबूत असल्याने तुटलेली दिसतही नाही.

बहुतेक कंट्रोलरना चार वायर असतात आणि रंग ठरलेले असतात. तरी डब्याबरोबरचा कागद एकदा ताडून बघा. बॅटरीची निगेटिव्ह काढूनच कामाला हात घाला.

काळी वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जाते आणि ब्रेकर बॅटरीच्या जवळ बसतो. वायर वाटेत कुठे घासून बॉडीला टेकली, तर ब्रेकरच्या पुढचा भाग सुरक्षित राहतो. ब्रेकर डॅशखाली लावला तर इंजिनजवळची सगळी लांबी उघडी पडते. सिगरेट लायटरच्या सॉकेटमधून किंवा रेडिओच्या फ्यूजमधून ही वायर कधीही घेऊ नका.

पांढरी वायर म्हणजे अर्थ. ती बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या, डॅशखालच्या कुठल्याही स्क्रूला बांधू नका. नव्या गाड्यांमध्ये निगेटिव्ह टर्मिनलवरच बॅटरी सेन्सरची छोटी डबी असते. तशी असेल तर वायर टर्मिनलला न लावता सेन्सरच्या पलीकडे, जिथे बॅटरीची जाड निगेटिव्ह केबल बॉडीला बोल्ट केलेली आहे तिथे लावा. नाहीतर सेन्सर चुकीचं मोजतो आणि चार्जिंगचा हिशेब बिघडतो.

लाल वायर ब्रेक पेडलवरच्या स्टॉप लाइट स्विचकडे जाते, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. स्विचला अनेकदा दोनच्या वर वायर असतात. टेस्ट लॅम्प लावून अशी वायर शोधा, जिच्यात पेडल सोडलेलं असताना काहीच नाही आणि पेडल दाबल्यावर १२ व्होल्ट येतात. सतत जिवंत असलेल्या वायरला जोडलं तर कंट्रोलरला वाटतं पेडल कायम दाबलेलं आहे. इथे वायर सोलून सोल्डर करा आणि वर स्लीव्ह चढवा. चिमट्याने दाबायची प्लास्टिकची निळी-लाल क्लिप लावू नका. ती वायरच्या काही तारा कापते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तिथेच हिरवा गंज चढतो. पुढे गाडीचे स्टॉप लाइटच बंद पडू शकतात.

निळी वायर मागे सॉकेटपर्यंत जाते. सायलेन्सरपासून दूर, चेसिसच्या आतल्या बाजूने, दर ३० सेंटिमीटरला टाय मारून न्या. बॉडीला भोक पाडून बाहेर काढताना रबरी ग्रोमेट घाला.

डबा कुठे बसवायचा? आपल्याकडे डावा हात गिअरवर असतो, तेव्हा स्टिअरिंगच्या डावीकडे, हात खाली न बघता पोहोचेल असा. गुडघ्याच्या एअरबॅगचा रस्ता अडवू नका. सेन्सर असलेला डबा गाडीच्या दिशेला समांतर आणि घट्ट हवा. दुहेरी टेपवर चिकटवलेला डबा हलला की मोजमाप हलतं.

सॉकेटवरचे रंग फसवतात

बाहेरून आलेल्या ट्रेलरमध्ये निळी वायर म्हणजे ब्रेक असं गृहीत धरू नका. अमेरिकी सात पिनमध्ये आणि ऑस्ट्रेलियन सात पिनमध्ये (तिथे ५ नंबर) निळी ब्रेकची असते. पण युरोपीय गोल सात पिनच्या सॉकेटमध्ये २ नंबरची निळी मागच्या फॉग लाइटची असते आणि इलेक्ट्रिक ब्रेकला जागाच नसते. दोन्हींची सरमिसळ झाली तर फॉग लाइट लावताच ट्रेलरचे ब्रेक पूर्ण ताकदीने लागतात. म्हणून प्रत्येक पिन टेस्ट लॅम्पने शोधा आणि कागदावर लिहून तो कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. अमेरिकी ट्रेलरची आणखी एक खोड आहे: त्यात इंडिकेटर आणि स्टॉप लाइट एकाच बल्बवर चालतात. आपल्या गाड्यांत ते वेगळे असतात, त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर बसवावा लागतो.

ट्रेलरच्या बाजूला चुंबकाच्या दोन वायरपैकी कुठलीही निळीला आणि दुसरी अर्थला जाते, उलटसुलट चालतं. मात्र अर्थची स्वतंत्र वायर सॉकेटपर्यंत हवीच. हिचच्या गोळ्यातून (गाडीच्या मागे असलेला, कपलिंग ज्यावर बसतं तो गोळा) अर्थ मिळतो म्हणून ती टाळणारे वायरमन भेटतील. गोळ्यावर ग्रीस असतं, गंज असतो, आणि खड्ड्यात कपलिंग उसळलं की संपर्क तुटतो. नेमका त्याच क्षणी ब्रेक जातो.

शू अॅडजस्ट करणं

कंट्रोलर कितीही चांगला असो, शू ड्रमपासून लांब असतील तर ड्रममधल्या लिव्हरचा सगळा प्रवास ते अंतर भरण्यातच संपतो. चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, मागच्या प्लेटच्या तळाशी असलेला रबरी बूच काढा. आत दात्यांचं चाक दिसेल. चपट्या स्क्रूड्रायव्हरने ते फिरवत जा, ड्रम हाताने जेमतेम फिरेल इतकं घट्ट करा आणि मग दहा दाते मागे आणा. ड्रम मोकळा फिरला पाहिजे, फक्त किंचित घासल्याचा आवाज चालेल. चारही चाकं याच पद्धतीने करा. नव्या ब्रेकला पहिल्या सव्वातीनशे किलोमीटरनंतर आणि पुढे दर पाच हजार किलोमीटरला हे परत करावं लागतं. आपोआप अॅडजस्ट होणारे ब्रेक असतील तर हा प्रश्न येत नाही.

नवे शू आणि नवे चुंबक आधी रुळवावे लागतात. साधारण ६५ किमी वेगावरून ३० ते ३५ वर यायचं, असं २० ते ५० वेळा, आणि प्रत्येक वेळी मध्ये थंड व्हायला वेळ द्यायचा. हे न करता गेन लावला तर काही दिवसांत शू बसतात, पकड वाढते आणि लावलेला गेन जास्त ठरतो.

गेन लावणं

गेन म्हणजे कंट्रोलरने जास्तीत जास्त किती ताकद द्यायची, ती मर्यादा. ती ट्रेलरच्या आजच्या वजनावर ठरते, म्हणून ट्रेलर प्रवासाला भरतो तसा पूर्ण भरूनच हे काम करा. पाण्याच्या टाक्याही भरा. टायरची हवा तपासा. जागा सपाट, कोरडी आणि रिकामी हवी. रविवारी पहाटे तळोजा किंवा महापे एमआयडीसीतले आतले रस्ते बरे पडतात. नंबर प्लेटची खातरजमाही निघण्याआधी करा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ नुसार ट्रेलरला स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरवर दिसावा लागतो.

आधी दहा-बारा वेळा हलके ब्रेक लावून ड्रम थोडे गरम करा. थंड ब्रेकवर लावलेला गेन गरम झाल्यावर चुकीचा ठरतो. गेन मधोमध ठेवा, ४० किमी वेग घ्या, गाडीच्या पेडलला पाय न लावता हाताचा लिव्हर पूर्ण दाबा. बाहेर एक माणूस चाकांकडे बघत उभा ठेवा, कारण चाक लॉक झालेलं चालकाला नेहमी जाणवत नाही. चाकं लॉक झाली तर गेन एक पायरी खाली. ट्रेलर नुसता रेंगाळल्यासारखा मंदावला तर एक पायरी वर. लॉक होण्याच्या अगदी अलीकडे, पण जोरकस ओढ जाणवेल अशा जागी थांबा. गेन शेवटपर्यंत चढवूनही चाकं लॉक होण्याच्या जवळ येत नसतील तर थांबा आणि वायर, अर्थ व शू तपासा. जड ट्रेलरची चाकं पूर्ण ताकदीलाही लॉक होत नाहीत असं कधी असतं, पण ओढ मात्र ठसठशीत हवीच.

यानंतर पेडलची चाचणी. त्याच वेगावरून रोज थांबता तसे थांबा. कपलिंगपाशी मागून धक्का बसला तर ट्रेलर उशिरा थांबतो आहे, बूस्ट एक पायरी वाढवा. मागे खेचल्यासारखं झालं तर बूस्ट कमी करा. बूस्ट ब्रेकची सुरुवात किती लवकर आणि किती जोराने व्हावी ते ठरवतं, गेन कमाल मर्यादा ठरवतो. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढायला गेलात की दोन्ही बिघडतात. ट्रेलर गाडीपेक्षा हलका असेल तर बूस्ट बंदच ठेवा.

रिकामा ट्रेलर, भरलेला ट्रेलर आणि पावसाचा ओला रस्ता, असे तीन आकडे काढून डब्याशेजारी पट्टी चिकटवून लिहा. ओल्या रस्त्यावर कोरड्याचा गेन ठेवला तर चाकं सहज लॉक होतात आणि लॉक झालेला ट्रेलर रस्त्याच्या कलाने बाजूला सरकतो. पहिल्या पावसात, रस्त्यावरचं तेल वर आलेलं असताना, हे फार लवकर होतं.

घाट उतरताना

मुंबईकडे येताना दोन उतार कसोटी बघतात: खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणारा बोरघाट आणि नाशिककडून येताना कसारा. ड्रम ब्रेकमध्ये उष्णता साठून राहते. ती वाढली की शूची पकड कमी होते, चुंबकाचा रोध वाढून करंट घटतो, आणि ड्रम फुगून शूपासून दूर जातो. तिन्ही एकाच वेळी घडतं, म्हणून पकड अचानक गेल्यासारखी वाटते.

उतार सुरू व्हायच्या आधी, लोणावळ्यातच, सपाट जागी लिव्हर दाबून ट्रेलर ओढतो आहे याची खात्री करा. खालचा गिअर उतार लागण्यापूर्वी टाका. वेग इंजिनने धरून ठेवा, आणि तो वाढला की पेडल ठामपणे दाबून वेग दहा-पंधरा किमीने खाली आणा, मग पेडल पूर्ण सोडा. पेडलवर पाय टेकवून ठेवत उतरणं सगळ्यात वाईट, त्याने ड्रमला थंड व्हायला क्षणभरही मिळत नाही. हाताचा लिव्हर धरून एकट्या ट्रेलरने सगळा भार पेलायला लावणंही तितकंच घातक.

खाली पोहोचल्यावर सुरक्षित जागी थांबून इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक ड्रमचं तापमान बघा. हे छोटं यंत्र आम्ही प्रत्येक ट्रेलरवाल्याला घ्यायला सांगतो. चारपैकी एक ड्रम थंड असेल तर तो ब्रेक लागतच नाही. एकच खूप तापला असेल तर शू अडकले आहेत किंवा बेअरिंग जातं आहे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

उतारावर किंवा मोठ्या ट्रकच्या वाऱ्याने ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नका, त्याने झुलणं वाढतं. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि हाताचा लिव्हर हलकेच दाबा. मागून ओढ मिळाली की ट्रेलर सरळ रेषेत येतो. असं वारंवार होत असेल तर सामान मागच्या बाजूला जास्त भरलेलं आहे. अमेरिकी धाटणीच्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा टक्क्यांहून थोडा जास्त भार कपलिंगवर यायला हवा.

ब्रेकअवे स्विच

कपलिंग सुटून ट्रेलर गाडीपासून वेगळा झाला तर त्याचे ब्रेक आपोआप लागायला हवेत. त्यासाठी ट्रेलरवर १२ व्होल्टची छोटी बॅटरी, साधारण ५ अँपिअर-तासाची, आणि एक पिन असलेला स्विच असतो. पिनची केबल गाडीच्या चेसिसला स्वतंत्र बांधा. हिचच्या गोळ्याला किंवा सेफ्टी चेनला बांधली तर गोळा निखळल्यावर ती गोळ्याबरोबरच जाते. केबल वळणावर ताणली जाणार नाही इतकी सैल, पण जमिनीला घासणार नाही इतकी आखूड ठेवा.

महिन्यातून एकदा चाचणी घ्या. सात पिनचा प्लग काढूनच पिन ओढा, नाहीतर ट्रेलरच्या बॅटरीचा करंट उलटा कंट्रोलरमध्ये शिरून तो निकामी होऊ शकतो. ट्रेलर किंचित पुढे ओढून बघा, चाकं अडली पाहिजेत. काही सेकंदांत पिन परत घाला. पिन ओढून ट्रेलर रात्रभर उभा ठेवला तर बॅटरी संपते आणि चुंबक तापून खराब होतात.

बिघाड शोधताना

ट्रेलरच्या निळ्या वायरवर डीसी क्लॅम्प मीटर लावा, आणि तो नसेल तर मल्टिमीटरचा अँपिअर मोड सिरीजमध्ये. साध्या मल्टिमीटरची मर्यादा १० अँपिअरची असते, त्यामुळे चार चाकांना क्लॅम्प मीटरच हवा. इंजिन चालू ठेवा, गेन पूर्ण करा, एकाला लिव्हर दाबायला सांगा. चार चाकांना १२ अँपिअरच्या आसपास आले तर वीज ठीक आहे, दोष शू, चुंबक किंवा ड्रममध्ये शोधा. ९ आले तर एक चुंबक मेला आहे. सगळीकडेच थोडं थोडं कमी असेल तर अर्थ किंवा बारीक वायर. आकडा जास्त आला किंवा डिस्प्लेवर शॉर्ट दिसला तर निळी वायर कुठेतरी धातूला टेकली आहे. ती जागा बहुधा अॅक्सलच्या नळीच्या आत असते, कारण तिथून जाणारी वायर वर्षानुवर्षं घासत राहते. नळीतून वायर काढून बाहेरून नवी टाकणं हाच पक्का उपाय.

एका चुंबकाचा रोध १० आणि १२ इंचीला ३.२ ओहमच्या आसपास, ७ इंचीला ३.९ च्या आसपास असतो. मोजताना त्याच्या दोन्ही वायर सोडवून मोजा. एक वायर आणि चुंबकाचं धातूचं अंग यांच्यामध्येही मोजा. तिथे काहीही रोध दाखवला तर आतलं वेटोळं बॉडीला टेकलं आहे.

डिस्प्लेवर ट्रेलर जोडलेला दिसतो, पण मध्येच नाहीसा होतो, ही तक्रार पावसाळ्यात सर्रास येते. प्लगच्या पिना पॉलिश पेपरने घासा, पितळ चमकलं पाहिजे, आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. चुंबक एका बाजूने जास्त झिजलेला असेल तर ड्रममधल्या लिव्हरची बुशिंग गेली आहे. नुसता चुंबक बदलला तर नवाही तसाच झिजतो. चुंबक आणि शू नेहमी एका अॅक्सलच्या दोन्ही बाजूंना एकदम बदला, नाहीतर ब्रेक लावताना ट्रेलर एका बाजूला खेचतो. ऑइल सील गळून ग्रीस शूवर गेलं असेल तर ते शू पेट्रोलने धुऊन परत लावू नका. ग्रीस लायनिंगमध्ये मुरलेलं असतं आणि गरम होताच परत वर येतं.

पाऊस आणि खारी हवा

जून ते सप्टेंबर ट्रेलर उभाच राहणार असेल तर महिन्यातून एकदा शंभर-दोनशे मीटर फिरवून लिव्हरने चार-पाच वेळा ब्रेक लावा, म्हणजे ड्रमच्या पृष्ठभागावरचा गंज खरवडला जातो. तुंबलेल्या पाण्यात चाकाचं मध्य बुडालं असेल तर ड्रम उघडून वाळवा आणि बेअरिंगचं ग्रीस बदला, वरून कोरडं दिसलं तरी.

होडीच्या किंवा जेट स्कीच्या ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक घेऊ नका. समुद्राच्या पाण्यात उतरलेला चुंबक आणि त्याच्या वायरची जोडणी फार थोड्या काळात गंजून जातात, गोड्या पाण्याने धुतलं तरी. अशा ट्रेलरला रेट्याने चालणारे हायड्रॉलिक ब्रेक घ्या, धुण्यासाठी पाइप जोडायची सोय असलेले, आणि प्रत्येक वेळी पाण्यातून वर काढल्यावर घरी पोहोचण्याची वाट न बघता तिथेच गोड्या पाण्याने ड्रम आतून धुऊन घ्या.